बाबांचा गुरुवार

पुण्यातल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आणि आईच्या शाळेची रविवारी, त्यामुळे आमचे आईबाबा दोघंही दिवसभर घरात आहेत असा वार आठवड्यात यायचाच नाही. गुरुवारी सकाळी आई पोळीभाजीचा डबा भरून शाळेत पळायची. बाबा तो डबा घेऊन स्वारगेटहून बस पकडायचे आणि शहराबाहेर वनखात्याच्या रानात जायचे. फाटकातून शिरायचं, डोंगराला अख्खा वळसा घालायचा आणि त्याच फाटकाशी परत यायचं. संध्याकाळी घरी आले की इतके खुशीत असायचे की आम्हाला थोडा रागच यायचा.

पुढे बाहेरच्या कंपन्या आल्या, बाबांच्या कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली आणि बाबांनी ती घेतली. आता सगळे वार मोकळे होते, तरी गृहस्थ रानात जायचे ते गुरुवारीच. आईने कधी विषय काढला की एकच उत्तर मिळायचं, तुला झेपायचं नाही.

मग त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चढ बंद म्हणून सांगितलं, तेव्हापासून बाबा गॅलरीत बसून तेच वर्तमानपत्र दोनदा वाचायला लागले. मी तेव्हा हिंजवडीत नोकरीला होते, हप्त्यांवर एक छोटी गाडी घेतली होती. त्यांना निदान फाटकापर्यंत तरी न्यावं म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही तिघं निघालो.

आई तोवर शाळेतून निवृत्त झाली होती. त्या दिवशी ती आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून आणि माझे जुने बूट चढवून तयार झाली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. डबा भरताना ती मला हळूच म्हणाली, "एवढ्या वर्षांत ते मला एकदाही 'चल' का म्हणाले नाहीत, तेवढं मला कळलं पाहिजे." बाबांना विचारण्याऐवजी ती रानालाच विचारायला निघाली होती.

फाटकाशी चिंचेखाली एक बाक होता. बाबांना तिथे बसवून आईने जाहीर केलं की ती आणि मी पूर्ण वळसा घालून येणार. बाबांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. आई फक्त "बघू" म्हणाली आणि चालायला लागली. मग बिचारे मागून ओरडून सांगत राहिले, डोंगर उजव्या हाताला ठेवा, उतारावर मुरूम आहे, जपून.

चढ चांगलाच खडा होता. आई झाडं बघायच्या निमित्ताने थांबायची. मी दिवसभर संगणकासमोर बसणारी, मला निमित्तसुद्धा शोधता येत नव्हतं. वणवा पसरू नये म्हणून वनखात्याने गवताचा एक पट्टा जाळून काढला होता, तिथून जाताना आमचे बूट काळे झाले. पांगारे लालभडक फुलले होते.

डोंगराच्या मागच्या अंगाला, धारेवर, एक सपाट खडक होता. बाबा इथेच बसून जेवायचे, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. खाली धुरकट पुणं पसरलं होतं. आईने डबा उघडला, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "जमलं की मला." आणि ती रडायला लागली. आनंदाने नाही. इतकी वर्षं आपल्याला इथे येता आलं असतं, हे तिला त्या घासाबरोबर कळलं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला बाबांचा राग आला होता, आणि ते खाली एकटे बसलेत म्हणून वाईटही वाटत होतं.

उतारावर मुरमाने तिला एकदा खाली बसवलंच. तेव्हा ती हसली, मग मीही हसले. फाटकाशी पोचलो तर बाबा बाकावर नव्हते. काठी टेकत वाटेवर येऊन उभे होते. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, बाबा मघापासून असेच आहेत, बसायलाच तयार नाहीत.

"झेपलं?" बाबांनी विचारलं.

"झेपलं." आई बाकावर बसली. "तुम्ही मला कधी विचारलं का नाहीत?"

बाबा तिच्याशेजारी बसले. मग म्हणाले, "गुरुवारी तुला शाळा असायची. विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर मला एकट्याला जाववलं नसतं."

"माझ्या किरकोळ रजा दर वर्षी वाया जायच्या," आई शांतपणे म्हणाली.

बाबांनी मान खाली घातली. तिच्या सलवारीला खालपर्यंत गवताची कुसळं चिकटली होती. स्वतःचे गुडघे वाकत नव्हते, तरी कसेबसे वाकून ते एकेक कुसळ उपटायला लागले. आईनेही पाय मागे घेतला नाही. शेवटचं कुसळ काढून झाल्यावर त्यांनी वर न बघताच विचारलं, "उद्या येतेस का? इथवरच. या बाकापर्यंत."

"विचार करून सांगते," आई म्हणाली. मग उठून सरळ पहारेकऱ्याकडे गेली आणि उद्या फाटक किती वाजता उघडतं ते विचारून आली.