विहीणबाईंच्या नळ्या

आमच्या विहीणबाईंना माणसांपेक्षा माणसांच्या आतल्या नळ्यांचं कौतुक जास्त, असं मी सगळ्यांसमोर म्हणते आणि त्या कधी नाही म्हणत नाहीत. वेस्टमीडच्या एका प्रयोगशाळेत या नळ्या बघण्यात त्यांचा जन्म गेला. मी चौथी शिकलेली, पण इकडे परदेशात, कॅसल हिलला लेक-जावयाकडे राहायला आल्यापासून त्यांच्या पंगतीला बसून इतकं ऐकलंय की आता मीही सांगू शकते. आपलं शरीर बारीक पेशींचं आणि प्रत्येक पेशीत त्याहून बारीक, पोकळ नळ्या. पेशीला आकार त्यांचा, आतला माल त्यांच्यावरूनच इकडून तिकडे जातो आणि एका पेशीच्या दोन होताना वाटणीही त्याच ओढून करतात. बरं, त्या कायमच्या नाहीत. वाढतात, ढासळतात, पुन्हा उभ्या राहतात. गार केल्या तर मोडतातच, म्हणून विहीणबाईंच्या घरात इकडच्या भर जानेवारीच्या उन्हाळ्यातही एसी लागत नाही. तुमच्या नळ्या टिकतील पण पाहुणे वितळतील, असं मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

माझ्या लेकीच्या डोहाळजेवणाला त्यांनी मोत्यांचे तेरा सर गोल बांधून हातभर पोकळ नळी आणली. तेरा म्हटल्यावर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. या शांतपणे म्हणाल्या, "बाळाच्या नळ्यांनाही तेराच पदर असणार. ते अशुभ असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही." लग्नातही तेच. रीतीप्रमाणे मुलाच्या आईचे पाय धुवायला मी ताम्हन घेऊन खाली बसले, तर यांनी पाय वर ओढून घेतले. सकाळीच धुतलेत, म्हणाल्या. माझ्या जावा अजून तेच उगाळतात.

मग मला कॅन्सर झाला. औषध मिळालं ते नेमकं या नळ्यांना जागच्या जागी थिजवणारं. नळ्या मोडेनात, म्हणून पेशींची वाटणी होईना, गाठ वाढायची थांबली आणि गेली. पण पायांची जाणीवही गेली. कण्यापासून बोटांपर्यंतच्या नसा सगळ्यांत लांब, त्यांच्यातली वाहतूक अडलीय, असं विहीणबाईंनी सांगितलं. एकदा मी मेट्रोपर्यंत एकाच चपलेने चालत गेले. दुसरी एका गोऱ्या बाईने मागून आणून दिली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, जाणीव येईल किंवा येणारही नाही. लेकीने माझं एकटीने बाहेर पडणं बंद केलं. सगळ्या बोटांना कळायला लागलं की मगच परवानगी.

तेव्हापासून दर रविवारी विहीणबाई येतात, जमिनीवर बसतात, माझे पाय मांडीवर घेतात आणि मला डोळे मिटायला लावून बोटांवरून कापूस फिरवतात. पहिल्यांदा मी पाय मागे घेतले.

"अहो, तुम्ही मुलाकडच्या."

"पायांना काय कळतंय त्यातलं?"

"सध्या त्यांना काहीच कळत नाही."

"मग गप्प बसा."

आधी अंगठे आले, मग हळूहळू बाकीची बोटं. उरली फक्त डावी करंगळी. ती आली की माझं रविवारचं काम संपलं, असं विहीणबाई म्हणायच्या. परवा त्या करंगळीला गुदगुली झाली. बोट आपोआप आखडलं. कापूस तिथेच थांबला.

"कळलं का काही?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नळ्यांना वेळ लागतो," म्हणाल्या, "पुढच्या रविवारी बघू."

आता जमिनीवरून उठताना त्यांना आधार लागतो. मी हात दिला.