चौक काढणारा हात

“लेप्रसी,” डॉक्टर म्हणाले. आम्हाला काहीच कळलं नाही, तेव्हा आवाज उतरवून बोलले, “महारोग. पण घाबरू नका, औषध आहे.”

पालघरच्या दवाखान्यात आय माझ्या शेजारी बाकावर बसली होती. तव्याने तिचं बोट भाजलं आणि तिला पत्ताच नव्हता. कातडीचा वास आला तेव्हा मीच ओरडले. तुमच्या घरात कुणाला असा सुन्नपणा जाणवला, तर भगताकडे खुशाल जा, पण दवाखान्यात आधी.

आयने रोगाचं काही विचारलं नाही. आत वळू लागलेली करंगळी पुढे केली. “चौक काढता येल का?”

डॉक्टरांना चौक ठाऊक नव्हता. मी सांगितलं, आम्हा वारल्यांच्या लग्नात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौकोन काढतात आणि त्यात पालघाट देवी. देवी भिंतीवर येऊन बसल्याशिवाय लग्न लागत नाही. उमरोळीकडच्या कितीतरी पाड्यांवरून आयला चौकाचं बोलावणं यायचं. आता तर माझंच लग्न ठरलं होतं.

“न्यूरायटिस, म्हणजे शिरेला सूज आहे,” डॉक्टर म्हणाले. “मेहनत घेतलीत तर हात सुटेल.”

आयचा हात सुटेपर्यंत आम्ही लग्न पुढे ढकललं. डॅपसोनच्या गोळ्या सुरू झाल्या. आय रोज तेल लावून बोटं सरळ करायची, कातावायची, मला शिव्या घालायची, पुन्हा करायची. बा तारापूरला बिजलीघराच्या बांधकामावर खडी वाहायचा आणि सुट्टीला पालघरहून गोळ्या आणायचा.

पुढच्या उन्हाळ्यात करंगळी उघडली. आयने बांबूची काडी चावून मऊ केली, पिठात बुडवली आणि कुडाच्या भिंतीवर रेघ ओढली. सरळ आली. आम्ही तिघंही हसलो.

त्याच उन्हाळ्यात बा ताडी काढताना ताडावरून पडला. घरी आणेपर्यंत गेला.

चौक सवाशिणींनीच काढायचा असतो. आयला कुणी तसं बोललं नाही, बोलावं लागलंच नाही. माझ्या लग्नात चौक मामीने काढला. चांगला काढला, खोटं कशाला बोलू? आय अंगणात बसून होती. लग्न पुढे ढकललं नसतं, तर वाकड्या बोटांनी का होईना, माझी देवी तिने काढली असती. ही हळहळ काही जात नाही.

डॉक्टरांचे उपकार मात्र मी विसरणार नाही. नंतरच्या तपासणीला त्यांनी विचारलं, “काय बाई, हात कसा आहे?”

“बरा हाय,” आय म्हणाली. “पन आता त्याला काम नाय.”

त्यांनी चष्मा लावला आणि तिचं एकेक बोट पुन्हा तपासलं.