घाटनांदूरला फक्त वाकळ घ्यायला थांबलो

थंडीत रानात तंबू टाकून झोपायला कुणी मुद्दाम जातं, हे माझ्या सासूबाईंना पटणं शक्यच नव्हतं. "घरात काय कमी थंडी हाय का?" एवढंच त्या म्हणाल्या. पण मी हट्टाला पेटले होते. निखिल सोमवारी मस्कतला निघणार होता, दोन वर्षांच्या नोकरीवर. लग्नाला वर्ष उलटून गेलं तरी आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. आणि मला त्याला सांगायचं होतं, जाऊ नकोस. बीडच्या आमच्या दोन खोल्यांत असलं काही बोलता येत नाही, म्हणून शेकोटीपाशी बोलायचं ठरवलं होतं.

बेत साधा होता. घाटनांदूरच्या पुढे निखिलच्या मित्राचं शेत आहे, बांधाला लागून पाझर तलाव. मित्राला फोन करून विचारून ठेवलं होतं. तुम्हीही जाणार असाल तर ओळखीचंच शेत बघा, वनखात्याच्या जागेत शिरू नका. तंबू मैत्रिणीचा, सोबत मॅगी आणि निखाऱ्यात भाजायला बटाटे. खर्च म्हणाल तर मोटारसायकलचं पेट्रोल आणि वाटेतला नाश्ता.

शनिवारी सकाळी निघालो. मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई असा रस्ता. बरा आहे, पण हातमोजे हवेतच. केजला गरम भजी खाल्ली. पुढे मी त्याच्या पाठीला गाल टेकून बसले आणि मनात वाक्यं जुळवत राहिले. अंबाजोगाईत चहाला थांबलो तेव्हा निखिलने विचारलं, "पांघरायला काय घेतलंस?"

"दोन शाली."

"मग गारठून मरतो आपण. घाटनांदूरला आत्या आहे, तिच्याकडून एक वाकळ घेऊ. दहा मिनिटांचं काम."

जुन्या साड्यांच्या जाड वाकळीला तोड नाही, म्हणून मीही चालेल म्हणाले. चुकलं ते इथेच.

आत्यांनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. वाकळीचं ऐकून त्या निखिलवर उखडल्या. "रानात कावून झोपायचं? आमची घरं काय पडली का? सून पैल्यांदा आलीय, ओटी भरल्याबिगर धाडली तर लोक शेण घालतील तोंडात."

ओटीसाठी खण आणायला बाजारात माणूस गेला. तोवर शेजारच्या बायका मला बघायला आल्या. मग जेवण झालं. मग आत्यांचा थोरला मुलगा, आम्ही त्याला दादा म्हणतो, आमचा तंबू काखोटीला मारून निघाला. "तंबूच टाकायचाय ना? चला आपल्या रानात. हुरडा करू." आणि एका टेम्पोत अख्खी भावकी बसली.

हुरडा मात्र अप्रतिम होता, हे कबूल करायलाच हवं. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली ज्वारीची कोवळी कणसं, हातावर चोळून काढलेले गरम दाणे, लसणाची चटणी, वर दही. थंडीत याहून चांगलं काही खाल्ल्याचं मला आठवत नाही. तंबूत पोरांनी घर-घर मांडलं होतं. निखिल पुरुषांत, मी बायकांत. मधे आगटी.

उन्हं उतरली तेव्हा आत्यांनीच माझा चेहरा वाचला असावा. त्या निखिलला म्हणाल्या, "जावा दोघं तुमच्या त्या तळ्याकडं. मी बघते ह्यांच्याकडं."

दादा हसला. "जा की बे. बायकू वाट बघू लागली."

सगळे हसले. निखिल कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "नको आत्या, बसू की इथंच सगळे." मी मान खाली घालून दाणे चोळत बसले. तेव्हा उठून त्याला हाक मारायला हवी होती. नव्या सुनेने चारचौघांत नवऱ्याला हाक मारायची नसते, हे मला कुणी शिकवलंही नव्हतं, तरी मारली नाही.

पाहुण्यांच्या घरी बायका आत आणि पुरुष बाहेर झोपतात. निखिल दादाबरोबर रानातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीत, राहिला. मी घरी आत्यांच्या कुशीत, ज्या वाकळीसाठी आलो होतो तिच्याखाली. ऊब भरपूर होती. मला रडू येत होतं.

रविवारी परतताना केजला पुन्हा थांबलो. निखिल खुशीत दिसला. "आत्याची भेट झाली, बरं झालं. दोन वर्षांचं काय सांगता येतं?" त्याला जायची ओढ लागलीय असं मला वाटलं. इतक्या आनंदात मिठाचा खडा कशाला, म्हणून मी चहा संपवला.

तो गेला त्याला आता दीड महिना झाला. तंबू धुऊन मैत्रिणीला परत दिला. परवा फोनवर मी हुरड्याची आठवण काढली. तो म्हणाला, "तलावापाशी तू मला थांब म्हणशील, असं वाटलं होतं. सामानसुद्धा नीट भरलं नव्हतं मी."

"म्हटलं असतं तर थांबला असतास?"

"हो."

मी त्याला विचारलं, तिकडे जेवण कसं मिळतं.