विहिरीचा संदर्भ

सोयाबीनच्या भुसकटाचा वास आला की मला सेनगावचा सायबर कॅफे आठवतो. मळणीच्या दिवसांत तिथल्या कीबोर्डावरही त्याची धूळ असायची. ऑनलाइन ज्ञानकोशात लिहायला मी नुकताच शिकत होतो. आमच्या गावाच्या लेखात मी लिहिलं, की गावची विहीर आमच्या वस्तीनं खोदली, पण तिचं पाणी वस्तीला भरू दिलं नाही. आठवड्याभरात कुणा जाणत्या संपादकानं ते उडवलं. 'ऐकीव माहिती चालत नाही, छापील संदर्भ द्या,' असा शेरा होता. त्या जागेवर नवं वाक्य आलं होतं: विहीर गावच्या जमीनदारांच्या वडिलांनी लोककल्याणार्थ खोदली. संदर्भ होता जमीनदारांच्या एकसष्टीच्या गौरविकेचा. ती विहीर खोदायला स्वतः उतरलेल्या माझ्या वडिलांना मी हे सांगितलं. ते भडकले, "मंग म्या काय ऐकीव हाय व्हय रे? आन् त्या पुस्तकात हे लिवलं कोण्या गाढवानं?" गाढवाचं नाव छापलेलं नव्हतं. जमीनदारांच्याच संस्थेच्या शाळेत माझी नोकरी नवी असताना, शाल-नारळ घेऊन, तो मजकूर मीच लिहून दिला होता. वडिलांना मी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही, ज्ञानकोशालाही नाही. ते वाक्य अजून तिथं आहे, संदर्भासकट.