काळ्या सीलांचा डबा

आमच्या घरातला सगळा राग माझ्या एकटीच्या वाट्याला आलाय. रूपाचे पप्पा, राजकुमार, क्रांती चौकाच्या मागं गाड्यांचे एसी दुरुस्त करतात. गिऱ्हाईक कितीही तोंडाला येईल ते बोललं, तरी हा माणूस हसून पुढच्या गाडीकडं वळतो.

रूपा नऊ वर्षांची. जन्मापासून तिला घामच येत नाही. उन्हात पाच मिनिटं राहिली की अंग तव्यासारखं तापतं. तिच्यासाठीच त्यांनी सत्त्याण्णवची जुनी गाडी घेतली. त्या गाडीच्या एसीचा जुना गॅस आता मिळत नाही. नवा भरायचा तर तेल बदला, पाइपांच्या जोडांतली रबरी सीलंही बदला. नाहीतर रबर फुगतं अन् गॅस निसटतो.

बाजारात खूण एकच: काळं सील जुन्या गॅसचं, हिरवं नव्याचं. यांचा रंगावर काडीचा भरवसा नाही. सील नव्या तेलाच्या बाटलीत आठ दिवस बुडवायचं, काढून मापायचं, मगच लावायचं. रूपाच्या गाडीसाठी अशी पारखलेली सीलं त्यांनी एका डब्यात ठेवली होती. आणि ती होती काळी!

मला काय ठाऊक? दुकान झाडताना जुनीच समजून मी ती फेकली, वर शहागंजातून हिरवी आणून डबा भरला. वारलेल्या सासूबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गावी, पाचोडला जायचं होतं, अन् हातात तीनच दिवस.

“काळी कुठं गेली?” त्यांनी विचारलं.

“टाकली. हिरवी आणलीत की!”

“ही भिजवून बघितली नाय, सुलेखा.”

“ती तुमची बाटली घाला चुलीत! अख्खा बाजार हिरवीच लावतो. लावा मुकाट्यानं!”

त्यांनी लावली. दोन दिवस गाडी लई गार.

तिसऱ्या दिवशी आडूळच्या पुढं एसीतून गरम वारा यायला लागला. मे महिना, दुपारचे बारा. बॉनेट उघडलं, तर जोडाभोवती तेल ओघळलेलं. रूपाचं अंग नुसतं भाजत होतं, डोळे वर गेलेले. होतं नव्हतं ते पाणी मी तिच्यावर ओतलं. ते तिला उचलून ढाब्याच्या हौदाकडं पळाले अन् कपड्यांसकट आत उतरले. “रूपे, डोळे उघड गं माझे बाई!” मी किंचाळत होते. मीच मारलं माझ्या लेकराला, एवढंच डोक्यात. बऱ्याच वेळानं ती “पप्पा” म्हणाली.

थोरले दीर सांडूभाऊ पाचोडहून गाडी घेऊन आले. दवाखान्यात रूपाला सलाइन लागलं. बाहेर सगळी भावकी जमली.

“लोकांचे एसी नीट करतो, अन् स्वतःच्या लेकीच्या जिवाशी खेळतो व्हय रं?” सांडूभाऊ कडाडले.

“सील निवडायला मीच चुकलो, भाऊ.”

हे म्हणताना रूपाच्या पप्पांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सांडूभाऊ माझ्याकडं वळले. “बरं झालं बाई, पोरीजवळ तू होतीस.”

मी हो म्हटलं.