चकतीला हात

तुमच्या घरातलं माणूस कामावर नेमका कशाला हात लावतं, माहीत आहे तुम्हाला? पगार किती, सुट्टी कधी, हे तोंडपाठ असेल. हाताचं विचारतोय मी. नाही सांगता येत ना? मग मोजणीबाईची गोष्ट ऐका.

काच घासायच्या कारखान्यात ती वरच्या खोलीत बसून नकाशे काढते. कप बशीच्या मधोमध आहे ना, हे बघितल्याशिवाय चहाला तोंड लावत नाही, म्हणून मोजणीबाई. खाली चकतीवर तिचा धाकटा भाऊ. अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून त्याला म्हणतात पैलवान. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला, आणि मालकाकडे शब्द टाकून इथे चिकटवलाही तिनेच.

चकती म्हणजे आडवं बसवलेलं बिडाचं मोठं ताट, दोनशे किलोचं. वरून वाळूचं पाणी पडतं आणि काचेची कड त्यावर घासून गुळगुळीत होते. जुनी मोटर थकलेली होती. बटण दाबलं की नुसती घुं घुं करायची, चकती ढिम्म. मग पैलवानाने कडेच्या खाचेत बोटं घालून ढकलायचं. याला तिथे 'हात देणं' म्हणतात. चकती आळस देत निघायची आणि पैलवान सावकाश बोटं काढून घ्यायचा. खाचेपुढे हातभर अंतरावर पाण्याचा नळ धरणारी लोखंडी पट्टी आहे. खाच तिच्याखालून जायच्या आत बोटं बाहेर आली पाहिजेत, एवढंच. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मोजणीबाईला मात्र जेवताना त्याच्या बोटांकडे बघून घास उतरायचा नाही.

मालकाच्या मागे लागून लागून तिने नवी मोटर मंजूर करून घेतली. हिशोब तिचाच. चकतीचं वजन मध्यापासून जितकं लांब, तितकी ती हलायला आडमुठी. म्हणून वजनाच्या निम्म्याला त्रिज्येच्या वर्गाने गुणायचं. किती वेळात किती वेग हवा हे ठरवून त्यानेही गुणलं, की टॉर्क मिळतो, म्हणजे चकती फिरवायला लागणारा पीळ. दहा सेकंदांत पुरा वेग यावा, असं तिने धरलं होतं. मोटर एवढी दमदार असली की हात द्यायची गरजच संपेल.

मोटर बसली. खाली सगळे जमले. मोजणीबाई नकाशा ठेवायला वर गेली आणि जाता जाता तिची नजर त्रिज्येच्या आकड्यावर पडली. कारखान्यात सगळे या चकतीला 'शंभरची चकती' म्हणतात. शंभर सेंटिमीटर ही तिची अख्खी रुंदी. त्रिज्या पन्नास. बाईने सवयीने शंभरच घातले होते. दुप्पट आकड्याचा वर्ग केला की चौपट होतो. मागवलेली मोटर चौपट पिळाची होती. दहा सेकंदांचं काम ती अडीच सेकंदांत उरकणार होती.

तिने आकडा पुन्हा तपासला, चूक खरी होती. तरी तिने मनाला समजावलं, की आता चकतीला कोण कशाला शिवतंय. आणि खिडकीच्या काचेतून खाली बघितलं.

पैलवान वाकला होता. बोटं खाचेत होती.

हात द्यायचा नाही, हे ती मालकाला बोलली होती. मालकाने मान डोलावली होती. पैलवानाला कोणीच सांगितलं नव्हतं. मालकाने नाही, आणि एका ताटात जेवणाऱ्या बहिणीनेही नाही. मला संताप येतो तो इथे. यंत्राची चर्चा वर होते आणि बोटं खाली असतात.

ती ओरडली. कारखान्याच्या गोंगाटात काचेपलीकडे काय ऐकू जाणार? बटणवाल्याचा अंगठा बटणाकडे निघाला होता. ती जिन्याकडे धावली, वळणावरच्या मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा भार टाकून खाली ओढला. अख्खा कारखाना गप्प झाला.

मालक भडकला. बाई धावत खाली आली. पैलवानाची बोटं अजून खाचेतच होती. "ताई, लाइट गेली," तो तिलाच सांगत होता.

चूक माझी आहे, मोटर चौपट आली, हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. मालक म्हणाला, जास्त ताकद आली तर बरंच झालं की. तिने वाद घातला नाही. कोपऱ्यातला रबरी हातमोजा उचलला, चिंध्या कोंबून फुगवला, त्याची बोटं खाचेत घट्ट बसवली आणि सगळ्यांना मागे हटवलं. मग वीज जोडून बटण दाबायला लावलं.

घुं घुं झालीच नाही. मोजा पट्टीखाली कधी गेला ते कोणाला दिसलं नाही. मनगट पैलवानाच्या पायाशी येऊन पडलं, बोटं पलीकडे गेली.

 पैलवानाने दोन्ही हात काखेत घातले.

चकतीला हळूहळू वेग देणारा स्टार्टर मागवलाय, आला की बसवू, असं मालक म्हणतो. अजून आलेला नाही. खाचा बुजवायलाही त्याला सवड नाही, आणि चकती रोज चालते. रोज सुरू करायच्या वेळी मोजणीबाई खाली येते आणि भावाची कॉलर मागून मुठीत धरून उभी राहते. पोरं चिडवतात, "पैलवान, आज दोरी नाही आणली का ताईने?" तोही हसतो. पण मी तिथे गेलो होतो तेव्हा मला एकट्याला गाठून हळूच म्हणाला, "बटणाचा आवाज आला की हात आपोआप पुढे जातात हो. माझं ऐकत नाहीत."

ती मूठ एक दिवस सुटेल, ताप येईल, उशीर होईल, या धास्तीने बाईचा डोळा लागत नाही.

म्हणून एक मागतो. तुमच्याकडे नवं यंत्र आलं, नवी मोटर बसली, तर मालकाच्या मानेवर विसंबू नका. जुन्या यंत्राला जो हात देत होता, त्याला आधी बोलावा, त्याच्या डोळ्यांत बघून सांगा, आणि त्याचे दोन्ही हात दिसेपर्यंत बटण दाबू देऊ नका.