लाभ, एक, दोन

आक्कांसमोर ‘अंदाजे’ हा शब्द उच्चारला की त्या हातातलं काम थांबवून बोलणाऱ्याकडे बघत राहायच्या. तेवढ्यानेच निम्मी माणसं आकडा बदलत. फलटणला माझ्या खोलीच्या शेजारी त्यांचं घर होतं आणि दोन्ही घरांपुढच्या मोकळ्या जागेत त्यांचा जुना ट्रक उभा असे. नवऱ्यामागे तो त्यांनी विकला नाही, त्यावर पाण्याची टाकी बसवली. मी ग्रंथालयात नोकरीला होतो. पुस्तकाला हात लावणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर होता, त्यामुळे मीही मास्तर.

पाणी माणमध्ये जायचं. सगळी गावं सपाटीला होती, फक्त एक धनगरवस्ती टेकाडावर होती. त्या उन्हाळ्यात भरलेली टाकी घेऊन ट्रक चढाच्या मध्यावर धापा टाकायचा आणि उभा राहायचा. मग ड्रायव्हर धोंडीनाना निम्मं पाणी रस्त्यात सोडायचे आणि उरलेलं वर न्यायचे. वस्तीवर माणसांचं भागे, मेंढरांचं भागत नसे. टँकरचं काम बघणाऱ्या साहेबांनी निरोप धाडला, सोमवारपासून टाकी भरलेली वर पोचली पाहिजे, नाहीतर गाडी कामावरून काढू. निरोपात ‘जनहितार्थ’ हा शब्द होता. साहेब स्वतः वस्तीवर कधी गेले नव्हते. त्यांची जीपही त्या चढाला नाखूश असावी.

मिस्त्रींनी बॉनेट न उघडताच निदान केलं. “आक्का, इंजिन म्हातारं झालंय. खोलावं लागंल.”

“खोलून सोमवारपातूर जोडून देतोस?”

“सोमवार? आवं, महिना जाईल.”

“मग इंजिन तरणं हाय असं धरून चाल. सपाटीला कशी पळती बघितलीस का? नव्या गाड्यांच्या म्होरं जाती. पळणारी गाडी चढाला रडती म्हंजी मागच्या अ‍ॅक्सलात काय तरी येगळं बसवलंय.”

ट्रक आक्कांच्या नवऱ्याने जुना घेतला होता. आधीच्या मालकाने मागे काय बसवलं होतं, कुणास ठाऊक. अ‍ॅक्सलवरची गियरचा आकडा सांगणारी पट्टी केव्हाच गळून पडली होती. मिस्त्री म्हणाले, “अंदाजे सहा आसंल.” आक्कांनी हातातला विळा खाली ठेवला. मिस्त्री निमूट जॅक आणायला गेले.

मोजायची रीत सोपी होती. मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर उटीचा ओंडका लावून अडवून ठेवायचं, गाडी न्यूट्रलला. उचललेलं चाक हाताने फिरवायचं आणि तेवढ्यात पुढून येणारा प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो ते बघायचं. एकच चाक फिरत असल्याने त्याचे दोन फेरे म्हणजे दोन्ही चाकांचा एक फेरा, हे मिस्त्रींनी आम्हाला तीनदा समजावलं. त्यातलं एकदा बहुधा स्वतःला. शाफ्टचा आकडा मोठा आला तर गियर घाटाचा, लहान आला तर सडकेवर पळायचा.

नानांनी तंबाखूच्या डबीतला चुना काढून टायरवर आणि शाफ्टवर एकेक बोट ओढलं. ते चाकाशी बसले, मी गाडीखाली शाफ्टपाशी आडवा झालो. आक्का तेवढ्यात साहेबांच्या माणसाशी फाटकात भांडत होत्या. नानांनी दोन फेरे पुरे केल्याचं सांगितलं, माझा आकडा सातच्या थोडा पुढे गेला.

“सात!” मिस्त्री खूश झाले. “ह्यो घाटाचाच गियर हाय. आता तरी इंजिन खोलू द्या.”

आक्का फाटकातून आल्या. “सात असतं तर ती सडकंला इतकी पळली नसती. परत मोजा.”

“आवं, मास्तरांनी डोळ्यांनी बघितलंय.”

“मास्तर खोटं बोलत न्हाईत. गाडीबी बोलत न्हाई. परत.”

मी पुन्हा गाडीखाली गेलो. या वेळी आक्का नानांच्या डोक्यावर उभ्या होत्या. नानांनी चाक एकदा पूर्ण फिरवलं आणि भक्तिभावाने म्हणाले, “लाभ.” मग “एक.” मग “दोन.”

“थांबा,” आक्का म्हणाल्या. “ह्ये लाभ कुठनं आलं?”

खळ्यावर बाजरी मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे आम्हा सर्वांना माहीत होतं. पुढचं माप दोन. पण नानांच्या घरी रीत निराळी होती. “लाभ देवाचा,” ते शांतपणे म्हणाले. “आपली मोजणी त्याच्या फुडं.”

“नाना, देवाला बाजरी द्या. चाकाचा फेरा घिऊन देव काय करंल?”

मिस्त्री हसत खालीच बसले. देवाचा जादा फेरा वगळून चाक दोनदाच फिरवलं तेव्हा शाफ्टने पावणेपाच दाखवले. सडकेवर पळायचा गियर पाण्याने भरलेली टाकी घेऊन टेकाड चढत होता. इंजिनाची अब्रू वाचली.

दुसऱ्या दिवशी आक्का मिस्त्रींना घेऊन सांगलीला जुन्या सामानाच्या बाजारात गेल्या. दुकानदार म्हणाला, “हा घ्या क्राऊन-पिनियन, घाटाचाच आहे.” मोठ्या चक्राचे दात लहानाच्या किती पट, तोच गियरचा आकडा; आक्का तिथेच ओट्यावर बसल्या आणि दोन्ही चक्रांचे दात बोटाने मोजू लागल्या. दोन जोड परत गेले. तिसरा पावणेसातचा निघाला. रविवारी दिवस मावळायच्या आत तो गाडीत बसला होता.

सोमवारी मीही रजा टाकून गेलो. ट्रक चढाला लागला तशा आक्का केबिनमधून उतरल्या आणि उटीचा ओंडका खांद्यावर घेऊन मागच्या चाकाशेजारून चालू लागल्या. गाडी थांबली तर चाकाखाली टाकायला. ट्रक माणसाच्या चालीने चढत होता, पण चढत होता. जिथे आजवर पाणी सोडलं जायचं ती जागा आली आणि मागे पडली. आक्का ट्रककडे बघतही नव्हत्या, फक्त चाकाकडे. वरती पोचल्यावर त्यांनी ओंडका टाकला आणि म्हणाल्या, “नाना, आता सडकंला बैलगाडी म्होरं जाईल. जाऊ द्या.”

तसंच झालं. सपाटीला सगळे ट्रकला मागे टाकून जात आणि हॉर्न वाजवून हसत. आक्कांनी त्याचं कधी मनावर घेतलं नाही.

गेल्या वर्षी त्या गेल्या. शोकसभेला खुर्च्या, हार आणि ध्वनिवर्धक अशी सगळी सिद्धता होती. एक पुढारी बोलायला उभे राहिले आणि आक्कांनी शेकडो गावांची तहान भागवली असं म्हणाले. टाळ्या पडणार तेवढ्यात मागून घोंगडीवाला एक म्हातारा धनगर उठला.

“शेकडो न्हाईत साहेब,” तो म्हणाला. “आमची येकच वस्ती व्हती त्या टेकाडाव. पर टाकी रोज भरल्याली आली.”

एवढं सांगून तो खाली बसला. पुढाऱ्यांना भाषणात आपण कुठवर आलो होतो ते आठवेना.